सोळा अक्षरांचा पत्ता

तुमच्याकडच्या एखाद्या यादीत डॉट ओनियनच्या आधी सोळाच अक्षरं असलेला पत्ता असेल, तर तो गेला असं समजा. २०२१ च्या शेवटापासून असे पत्ते टॉर ब्राउझरमध्ये, म्हणजे आपण कुठून नेट वापरतो ते लपवणाऱ्या ब्राउझरमध्ये, उघडत नाहीत आणि पुढेही उघडणार नाहीत. यादी कागदावर असेल तर फाडा, फाइल असेल तर पुसा. पण त्यानंतर लगेच दुसरी यादी शोधायला धावू नका. हे सगळं लिहायला बसले ती या शेवटच्या वाक्यासाठी.

मी अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवते. काही रविवारी लॅब उघडून बसते आणि ज्यांना गरज आहे त्यांना फोन-लॅपटॉप सुरक्षित ठेवायला शिकवते. येणारे बहुतेक तालुक्याच्या ठिकाणचे बातमीदार असतात. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या येतात, अधूनमधून एखादा वकील. वाळूच्या ठेक्याची, रेशनच्या धान्याची, आश्रमशाळेतल्या मुलींची माहिती ज्यांच्या हातात येते, ती ही माणसं. माहिती देणाऱ्याचं नाव फुटलं तर काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

त्यांच्यातल्या एकानं, परभणीकडच्या तरुण बातमीदारानं, मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. कुठल्याशा जुन्या शिबिरात वाटलेली झेरॉक्स, वर 'उपयोगी पत्ते' असं छापलेलं. त्यात डकडकगो हे शोधयंत्र होतं, प्रोपब्लिका ही अमेरिकी वृत्तसंस्था होती, न्यूयॉर्क टाइम्स होता. सगळे सोळा अक्षरी. खाली त्याचा प्रश्न होता, "मॅडम, एकही उघडत नाही. टॉर बंद झालं का?" मी उत्तर लिहीत होते तेवढ्यात दुसरा मेसेज आला : "टेलिग्रामच्या एका ग्रुपवर नवी यादी मिळाली आहे. ती वापरू ना?"

पहिल्या मेसेजनं मला काहीच वाटलं नव्हतं. दुसऱ्यानं धस्स झालं.

टॉर चालू आहे. बंद झाली ती पत्त्यांची एक पद्धत, आणि ती का बंद करावी लागली हे समजून घेतलं तर पुढचं सगळं आपोआप समजतं. म्हणून जरा खोलात जाते.

नेहमीच्या वेबवर साइटचं नाव कुणीतरी नोंदवलेलं असतं. दरवर्षी पैसे भरायचे, आणि भरायचं थांबलं तर तेच नाव दुसरा कुणी विकत घेऊ शकतो. ओनियन पत्त्याला नोंदणीचं कार्यालयच नसतं. सेवा चालवणारा आपल्या यंत्रावर किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. एक गुप्त, ती त्याच्याकडेच राहते, आणि दुसरी जाहीर. जाहीर किल्लीतून पत्ता निघतो. त्यामुळे पत्ता म्हणजे एका अर्थानं ती किल्लीच. तुम्ही बरोबर पत्ता टाकलात, तर पलीकडे त्या किल्लीचा मालकच असतो, मधल्या कुणावर विश्वास ठेवावा लागत नाही. तुम्ही कुठून आलात ते त्याला कळत नाही आणि तो कुठे बसला आहे ते तुम्हाला कळत नाही. दोन्हीकडून तीन-तीन रिले (वाहतूक पुढे पोचवणारी मधली यंत्रं) जोडले जातात आणि मध्येच गाठ पडते. वाहतूक टॉरच्या बाहेर येतच नाही. टॉरच्या मंडळींनी ही सोय २००४ मध्ये सुरू केली, आणि २०१५ मध्ये डॉट ओनियन हे नाव इंटरनेटच्या मानकांतही राखीव झालं, म्हणजे ते कुणी विकू शकत नाही.

अडचण जुन्या पत्त्यांच्या बनावटीत होती. त्यात आरएसए या कूटपद्धतीची १०२४ बिटांची किल्ली वापरली जायची. तिचा शा-वन पद्धतीनं हॅश, म्हणजे गणितानं निघणारा छोटा ठसा, काढायचा, त्यातले पहिले ८० बिट घ्यायचे आणि ते अक्षरांत लिहायचे. एका अक्षरात ५ बिट मावतात, म्हणून १६ अक्षरं. २००४ साली हे पुरेसं होतं. पुढे १०२४ बिटांची आरएसए कमकुवत मानली जाऊ लागली. शा-वनचं तर २०१७ च्या फेब्रुवारीत ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं आणि गूगलच्या संशोधकांनी दाखवूनच दिलं, की एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात. त्यानं ओनियन पत्ते एका रात्रीत फुटले असं झालं नाही, पण पाया जुना झाला हे सगळ्यांना कळलं.

मला जास्त गंभीर वाटतो तो दुसरा दोष, ज्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ओनियन सेवेला सापडायचं तर तिनं आपली माहिती काही रिलेंकडे ठेवावी लागते. टॉर स्वयंसेवकांच्या यंत्रांवर चालतं, त्यामुळे असा रिले कुणीही चालवू शकतो. जुन्या पद्धतीत ही माहिती ठेवणाऱ्या रिलेला सेवेचा पत्ता सरळ दिसायचा. तुम्ही तो कुठेही छापलेला नसला, फक्त एका माणसाला दिलेला असला, तरी. शिवाय उद्या ही माहिती कोणत्या रिलेकडे जाणार याचा हिशेब आजच मांडता यायचा, म्हणजे नेमक्या त्या जागी आपला रिले आणून बसवता यायचा. २०१४ मध्ये ३० जानेवारी ते ४ जुलै या काळात ११५ रिलेंचा एक गट टॉरच्या जाळ्यात घुसून बसला होता आणि ओनियन सेवा कोण चालवतं, त्यांची माहिती कोण मागतं, याचा माग काढत होता. टॉर तयार करणाऱ्या टॉर प्रोजेक्ट या संस्थेनं स्वतःच नंतर हे जाहीर केलं. हे वाचल्यापासून 'लपलेली सेवा' हे शब्द मी फार जपून वापरते.

नव्या पद्धतीत, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीत, हॅशचा तुकडा नाही. जाहीर किल्ली पूर्ण ३२ बाइटची पत्त्यात असते, तिच्यामागे २ बाइटची तपासणी आणि १ बाइट आवृत्तीचा आकडा. एकूण ३५ बाइट, म्हणजे ५६ अक्षरं. माहिती ठेवणाऱ्या रिलेला किल्लीचं रोज बदलणारं झाकलेलं रूप मिळतं, त्यावरून त्याला पत्ता काढता येत नाही. आणि माहिती कुठे ठेवायची हे रोज नव्यानं ठरणाऱ्या एका सामायिक यादृच्छिक आकड्यावर अवलंबून असल्यानं उद्याची जागा आज हेरता येत नाही.

५६ अक्षरं लक्षात राहत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण ही लांबी म्हणजेच सुरक्षितता आहे आणि मी तिच्या बाजूनं उभी आहे.

टॉर प्रोजेक्टनं २०२० च्या जुलैत जुने पत्ते बंद होणार असं जाहीर केलं, सप्टेंबरपासून सेवा चालवणाऱ्यांना सूचना दिसू लागल्या, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात आलेल्या आवृत्त्यांमधून जुन्या पत्त्यांचा आधार काढून टाकला. नोव्हेंबरात आलेल्या टॉर ब्राउझर ११ मध्येही तो नाही. तुम्ही आज सोळा अक्षरी पत्ता टाकलात तर 'पत्ता अवैध आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. ५६ अक्षरी पत्ता बरोबर असून सेवा बंद असेल, तर 'साइट सापडत नाही' असा वेगळा संदेश येतो. हा फरक वाचायची सवय लावा. पहिल्या बाबतीत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाबतीत तासाभरानं पुन्हा बघावं, आणि आधी लॅपटॉपचं घड्याळ बघावं. टॉरला वेळ बरोबर लागते. सीमॉस बॅटरी गेलेले आणि कुठलीही तारीख दाखवणारे लॅपटॉप माझ्या लॅबमध्ये नेहमी येतात आणि त्यांचं टॉर जोडलंच जात नाही.

आता त्या दुसऱ्या मेसेजकडे येते.

घर बदललं की पोस्टात कळवता येतं, जुन्या पत्त्यावरची पत्रं काही दिवस नव्या घरी येतात. ओनियनच्या जगात असं पोस्टच नाही. सोळा अक्षरी पत्त्यावरून ५६ अक्षरी पत्त्याकडे आपोआप वळवणारी यंत्रणा टॉरमध्ये नव्हती, कारण दोन पत्ते म्हणजे दोन वेगळ्या किल्ल्या. जुनी साइट चालू असताना तिच्यावरच 'आमचा नवा पत्ता हा' असं लिहून ठेवणं किंवा तिथूनच वाचकाला नव्या पत्त्यावर पाठवणं, एवढंच चालवणाऱ्याच्या हातात होतं. ती मुदत संपली. ज्यांनी तेव्हा टिपून घेतलं नाही, त्यांच्यासाठी जुन्या नावाला नव्या पत्त्याशी जोडणारा धागा तुटला. जुना पत्ता स्वतः निरुपद्रवी आहे, तो उघडतच नाही. पण माणूस नाव मनात धरून बसलेला असतो आणि कुणी 'हा घ्या नवा पत्ता' म्हटलं की त्याला हायसं वाटतं. फसवणारे नेमके तिथे उभे असतात.

आणि ते खरोखर उभे आहेत. फिनलंडमध्ये अहमिया हे ओनियन साइट्सचं शोधयंत्र चालवणाऱ्या युहा नुर्मी यांना २०१५ मध्ये असं आढळलं, की प्रसिद्ध ओनियन साइट्सच्या हुबेहूब नकला कुणीतरी पद्धतशीरपणे उभ्या केल्या आहेत, त्यात त्यांच्या स्वतःच्या साइटचीही नक्कल होती. अशी नक्कल मधल्या दलालासारखी बसते. तुमची मागणी खऱ्या साइटकडे पोचवते, उत्तर परत आणते, आणि मध्ये जे जाईल ते वाचते किंवा बदलते. तुम्हाला पान अगदी नेहमीसारखं दिसतं. पासवर्ड चालतो. काहीच खटकत नाही.

पत्ता पाहून ओळखू, असं मुलं म्हणतात. पत्ता पाहून काय ओळखता येतं ते सांगते. त्यात ए ते झेड ही अक्षरं आणि २ ते ७ हेच आकडे असतात. शून्य, एक, आठ किंवा नऊ दिसला तर कुणीतरी टंकताना ओ-चं शून्य, एल-चं एक अशी काहीतरी चूक केली आहे. त्या झेरॉक्सवर हे दोन ठिकाणी होतं. आजचा प्रत्येक पत्ता डी या अक्षरावर संपतो, कारण शेवटी आवृत्तीचा आकडा ३ असतो. डीच्या आधीचं अक्षर ए, आय, क्यू किंवा वाय यांपैकीच एक असतं. वर्गात मी फेसबुक, बीबीसी आणि डकडकगो यांचे पत्ते फळ्यावर लिहून मुलांना हे शोधायला लावते. फेसबुकचा एफ-वाय-डीवर संपतो, बीबीसीचा यू-क्यू-डीवर, डकडकगोचा झेड-ए-डीवर. मुलांना मजा येते.

पण यातून कळतं ते इतकंच, की पत्ता मोडका आहे की धड. खोटा पत्ताही धडच असतो. तोही डीवरच संपतो, त्याचीही तपासणी बरोबर येते, कारण तोही एक खरा ओनियन पत्ता आहे, फक्त दुसऱ्याचा.

सुरुवातीची अक्षरं ओळखीची दिसतात, यावरही विसंबू नका. फेसबुकनं २०१४ च्या ऑक्टोबरात आपली ओनियन साइट सुरू केली तेव्हा पत्ता 'फेसबुक' या आठ अक्षरांनीच सुरू होत होता. तो नशिबानं मिळाला नव्हता. किल्ल्या बनवत राहायच्या आणि हवी ती अक्षरं आली की थांबायचं, असा तो प्रकार. आठ अक्षरांसाठी सरासरी १.१ लाख कोटी किल्ल्या बनवाव्या लागतात. हा आकडा आपल्याला प्रचंड वाटतो, संगणकाला तितका नाही. फेसबुकला जे जमलं ते इतरांनाही जमतं. पुढच्या प्रत्येक अक्षराला काम ३२ पट वाढत जातं, म्हणून अख्खे ५६ जुळवणं अशक्य आहे. जुळवायचं तर अख्खा पत्ता जुळवा, आणि जुळवायचा तो खऱ्या ठिकाणाहून घेतलेल्या पत्त्याशी.

खरं ठिकाण म्हणजे त्या संस्थेची नेहमीची वेबसाइट, जिचं नाव तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. टॉर ब्राउझरमध्ये ती साधी साइट उघडा. तिची ओनियन आवृत्ती असेल आणि त्यांनी तशी सोय केली असेल, तर पत्त्याच्या पट्टीत जांभळं बटण दिसतं, ओनियन उपलब्ध आहे असं सांगणारं. ते दाबा. ही सोय २०२० च्या जूनमध्ये, ब्राउझरच्या ९.५ आवृत्तीत आली, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत सामान्य माणसासाठी टॉरनं केलेलं हे सगळ्यात मोलाचं काम आहे. यादी नको, ग्रुप नको, झेरॉक्स नको. बातमीदारांना गोपनीय कागदपत्रं पाठवण्यासाठी सिक्युअरड्रॉप वापरणाऱ्या वृत्तसंस्थांचे पत्ते फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशनच्या निर्देशिकेत एकत्र मिळतात. तिथूनही घेताना वृत्तसंस्थेच्या स्वतःच्या पानाशी ताडून पाहा. दोन्हीकडे तोच असेल तर पुढे जा.

एकदा नक्की झालेला पत्ता बुकमार्क करावा का? मी बहुतेकांना हो म्हणते. पण टॉर ब्राउझर इतिहास ठेवत नसला तरी बुकमार्क डिस्कवर राहतात. तुमचा लॅपटॉप उद्या कुणी उघडला तर ते त्याला दिसतील. घरातच ज्यांना कुणाची भीती आहे अशा बायका माझ्या वर्गात येतात. त्यांना मी बुकमार्क करू देत नाही, दरवेळी जांभळ्या बटणानंच जायला सांगते.

ब्राउझर न घेता साध्या क्रोममध्ये ओनियन उघडून देणाऱ्या वाटाही आहेत. पत्त्याच्या शेवटी काहीतरी जोडलं की साइट उघडते. गोपनीयतेसाठी आलेल्या माणसानं त्यांच्या वाटेलाही जाऊ नये. ती वाट चालवणाऱ्याला तुमचा आयपी, म्हणजे तुमच्या नेट-जोडणीचा ओळखीचा आकडा, तोही दिसतो, तुम्ही काय वाचता तेही दिसतं, आणि तो पान बदलूही शकतो. २०१८ च्या जानेवारीत प्रूफपॉइंट या कंपनीच्या संशोधकांना अशीच एक वाट सापडली. लोकांच्या फाइली कुलूपबंद करून मागितलेली खंडणी भरायच्या पानांवरचा बिटकॉइनचा पत्ता ती बदलत होती, म्हणजे लुटलेल्यांना पुन्हा लुटत होती आणि त्यांच्या फाइली तरीही परत मिळणार नव्हत्या.

ब्राउझर टॉर प्रोजेक्टच्या साइटवरूनच घ्या. ही सूचना सगळ्यांना नीरस वाटते, म्हणून दोन प्रकार सांगते. २०१९ मध्ये ईसेट या सायबर सुरक्षा कंपनीनं रशियन भाषकांना लक्ष्य करणारं नकली टॉर ब्राउझर उघडकीस आणलं. ज्या साइटवरून ते दिलं जायचं तिच्या नावात एकच अक्षर गाळलेलं होतं. २०२२ मध्ये कॅस्परस्की या दुसऱ्या सुरक्षा कंपनीनं दाखवलं, की एका लोकप्रिय चिनी यूट्यूब वाहिनीवर व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून उतरणारं टॉर ब्राउझर वापरणाऱ्याचीच माहिती गोळा करत होतं. चीनमध्ये मूळ साइट बंद असल्यानं लोक तिथे जात होते. आपल्याकडेही 'डार्क वेब कसं वापरावं' असले व्हिडिओ मराठीत, हिंदीत ढिगानं आहेत. त्यांच्याखालची लिंक दाबू नका. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रकाशकाचं नाव 'द टॉर प्रोजेक्ट' आहे का ते वाचा, कांद्याचं चित्र कुणीही लावतं. आयफोनवर टॉर ब्राउझर नाही, तिथे टॉर प्रोजेक्ट स्वतः 'ओनियन ब्राउझर' सुचवतं.

घेतल्यावर ते नवं ठेवा. २०१३ च्या ऑगस्टमध्ये ओनियन साइट्सना जागा पुरवणाऱ्या एका मोठ्या सेवेवर धाड पडली आणि तिथल्या पानांवर फायरफॉक्समधली एक फट वापरणारा कोड दिसू लागला. विंडोजवर जुनं टॉर ब्राउझर वापरणाऱ्यांचा खरा आयपी तो बाहेर पाठवत होता. ती फट बुजवणारी आवृत्ती जूनच्या अखेरीलाच आली होती. ज्यांनी अपडेट केलं ते वाचले. त्या साइट्सवरचे काही लोक पकडले जायलाच हवे होते, यात मला शंका नाही. पण फट माणूस बघून काम करत नाही. तुमच्या ब्राउझरमध्ये ती असेल तर तुमच्यावरही चालेल.

टॉर काय झाकत नाही, हे सांगताना मी नेहमी २००७ ची गोष्ट सांगते, कारण तिचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंत येतो. डॅन एगरस्टाड या स्वीडिश तरुणानं टॉरचे काही एक्झिट रिले चालवले. टॉरमधून बाहेरच्या साध्या इंटरनेटवर पडणारी वाहतूक एक्झिटपाशी उघडी होते. साइट एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझर आणि साइट यांच्यातला मजकूर कुलूपबंद करणारी पद्धत, वापरत नसेल तर तिथे सगळं वाचता येतं. त्याला तिथे दूतावासांच्या आणि सरकारी खात्यांच्या ईमेलचे पासवर्ड सरळ मजकुरात मिळाले. त्यानं शंभर खाती जाहीर केली, त्यात कितीतरी भारतीय दूतावास होते आणि खडकवासल्याच्या एनडीएचंही नाव होतं. टॉरनं आपलं काम केलं होतं, वाहतूक कुठून आली ते लपवलं होतं. आत काय आहे ते झाकायचं काम एचटीटीपीएसचं, आणि तेच तिथे नव्हतं. २०२० मध्येही एका गटानं एक्झिटच्या एकूण क्षमतेच्या जवळपास चौथा हिस्सा हातात घेऊन क्रिप्टोच्या साइट्सवरचं एचटीटीपीएस काढून टाकायचा उद्योग केला. आता टॉर ब्राउझर मुळातच एचटीटीपीएसचा आग्रह धरतं. आणि ओनियन साइटला तर एक्झिट लागतच नाही, म्हणूनच खरा ओनियन पत्ता शोधायची एवढी खटपट करायची.

दुसरी गोष्ट हार्वर्डची, डिसेंबर २०१३. एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला बॉम्बची धमकी टॉरवरून पाठवली. टॉर कुणी तोडलं नाही. धमकी टॉरवरून आली हे दिसत होतं, आणि त्या वेळी विद्यापीठाच्या वायफायवर टॉर वापरणारे मोजकेच होते, तेही आपल्या खात्यानं लॉगिन केलेले. पोलिसांनी जाऊन विचारलं, त्यानं कबूल केलं. त्यानं केलं ते वाईटच. पण तुम्ही तहसील कचेरीच्या वायफायवरून त्याच कचेरीविरुद्धचे कागद पाठवणार असाल, तर ही गोष्ट तुमची आहे. टॉर वापरताय हे नेट पुरवणाऱ्याला दिसतं. ते दिसणंच धोक्याचं असेल तर ब्रिज, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या जाहीर न केलेल्या वाटा, वापरा, ब्राउझरच्या सेटिंगमध्ये स्नोफ्लेक किंवा ओबीएफएस४ निवडता येतं. आपल्याकडे टॉर वापरणं हा गुन्हा नाही, त्यामुळे बहुतेकांना याची गरज पडत नाही.

"व्हीपीएन लावलं की झालं ना?" हा प्रश्न दरवेळी येतो. नाही. व्हीपीएन तुमची सगळी वाहतूक एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेतं. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकांची नावं, आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवायची आहेत. नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन यांनी तेव्हा भारतातले सर्व्हर काढून घेतले. फुकटच्या व्हीपीएन ॲपबद्दल मी बोलतच नाही. एकाच कंपनीवर सगळा विश्वास टाकण्यात आणि तीन वेगळ्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या रिलेंमधून जाण्यात जो फरक आहे तो नीट कळला पाहिजे.

बाकीच्या सवयी थोडक्यात. टॉरमध्ये आपल्या रोजच्या जीमेलला लॉगिन करून त्याच बैठकीत गुप्त काम करू नका. ॲड-ऑन टाकू नका. टॉरवरून टोरेंट नाही. उतरवलेली वर्ड किंवा पीडीएफ फाइल नेट बंद करून उघडा, ती उघडताना स्वतःहून बाहेर जोडली जाऊ शकते. सुरक्षेची पातळी 'सेफेस्ट' ठेवली तर जावास्क्रिप्ट बंद होतं, काही साइट मोडक्या दिसतात, तरी माहिती देणाऱ्याच्या कामासाठी मी तीच ठेवायला सांगते. ज्यांचा लॅपटॉप घरात चार जण वापरतात त्यांनी टेल्स ही वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम पेनड्राइव्हवर घालून घ्यावी, काम संपवून बंद केलं की लॅपटॉपवर माग राहत नाही. ते शिकवायला एक अख्खी दुपार लागते, वेगळं लिहीन.

परभणीच्या त्या मुलाला मी फोन केला. टेलिग्रामवरची यादी उघडायला सांगितली, पण एकही लिंक दाबू दिली नाही. तिच्यातला डकडकगोचा पत्ता आम्ही त्यांच्या साइटवरून मिळालेल्या पत्त्याशी अक्षर-अक्षर वाचून ताडला. सुरुवातीची अक्षरं तीच होती, पुढचं सगळं वेगळं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मॅडम, मी तो पुढे दोघांना पाठवलाय." मी म्हटलं, आत्ता फोन ठेव आणि आधी त्या दोघांना कळव. त्यानं कळवलं. दोघांनीही अजून उघडला नव्हता.

त्याला खरं तर एवढंच हवं होतं, की जिल्हा परिषदेतल्या एका माणसाकडून काही कागद सुरक्षितपणे घ्यायचे. त्यासाठी यादीतल्या कुठल्याच पत्त्याची गरज नव्हती. ओनियनशेअर हा फाइली देण्याघेण्याचा प्रोग्रॅम उघडला की आपल्याच लॅपटॉपवर तात्पुरता ओनियन पत्ता तयार होतो आणि सोबत एक खाजगी किल्ली मिळते. पत्ता एका मार्गानं द्यायचा, किल्ली दुसऱ्या, समोरचा टॉर ब्राउझरमधून फाइल टाकतो, मध्ये कुणाचाही सर्व्हर नाही. काम झालं की बंद.

माझ्या वर्गातल्या कागदावर आता एकही ओनियन पत्ता छापलेला नाही. संस्थेचं नाव, तिची साधी वेबसाइट, आणि जांभळ्या बटणाचा फोटो. ती पीडीएफ मागाल त्यांना पाठवते, झेरॉक्स काढून वाटा. कुणाकडे जुनी सोळा अक्षरी यादी सापडली तर तिचा फोटो मला पाठवा, कोणत्या शिबिरांतून ती फिरते आहे ते शोधते आहे, म्हणजे तिथल्या लोकांना गाठता येईल. पुढच्या रविवारी येणार असाल तर टॉर ब्राउझर घरीच अपडेट करून या, लॅबचं नेट त्या दिवशी फार हळू चालतं.